मंगलवहिनीचा होकार

"न्हाय," मंगल म्हणाली. "पोरंबाळं घेऊन बघण्यासारखा न्हाय त्यो सिनेमा."

कट्ट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वडगावच्या त्या विणकर गल्लीत नवा सिनेमा आला की आधी मंगल बघून यायची. सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं पाळणारी बाई. तिनं हो म्हटलं की गल्ली लेकीसुनांसकट निघायची. आणि हा तर इतिहासातल्या राजाचा सिनेमा.

"लई मारामारी हाय काय?" शेजारच्या भावकूनं विचारलं. रविवारच्या खेळाची चाळीस तिकिटं त्यानंच काढून ठेवली होती.

"रक्तच रक्त. मुंडकी उडत्यात. पोरं झोपेत दचकून उठतील."

"वहिनी, आमची पोरं मोबाइलवर ह्याच्या दुप्पट बघत्यात. तुमास्नी झुरळ मारायचं म्हटलं तरी पाप लागतंय."

बायका हसल्या. मंगल हसली नाही.

"भावकू, तिकिटं परत कर. पाया पडते तुझ्या."

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "वहिनी, चपला कुठं तुमच्या?"

मंगलनं पायांकडं बघितलं. सिनेमाच्या सुरुवातीला देवीची आरती होती म्हणून तिनं चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या. थेटरापासून वडगावपर्यंत ती तशीच चालत आली होती.

"ऱ्हायल्या थेटरात," ती म्हणाली आणि घरात गेली.

आत तिचा नवरा महादेव कॉटवर पडून होता. मागल्या पंधरवड्यात तो साड्या द्यायला निपाणीला गेला, उशिरा परत आला, जेवला नाही, आणि पहाटे छाती धरून बसला. मंगळवारी ऑपरेशन होतं. तोवर जिवाला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी मंगलला बाजूला घेऊन दोनदा बजावलं होतं.

"बघितलास?" महादेवनं विचारलं.

"बघितला."

"सगळा?"

"व्हय. वंगाळ हाय. तुमी तर अजिबात बघायचा न्हाय."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. सकाळी त्यानंच तिला अडवलं होतं, तुला सोसायचं न्हाय, जाऊ नगंस म्हणून.

"तू म्हणतीस तर न्हाई जायचं कुणी," तो म्हणाला आणि भिंतीकडं वळला.

एवढ्या लवकर तो ऐकेल असं मंगलला वाटलं नव्हतं. तिनं देवापुढं निरांजन लावलं. रोज तिन्हीसांजेला ती एक मूठ तांदूळ वेगळ्या गाडग्यात टाकायची, युवराजच्या नावानं. मागावर बसण्यावरून बापाशी भांडून पोरगा सिनेमात काम शोधायला मुंबईला गेला, तेव्हापासूनचा नेम. आठ महिने त्याचा फोन नव्हता. पोरगा आला की त्याच तांदळाचा भात घालायचा होता. आज तिनं मूठ भरली, उघडली, भरली. शेवटी तांदूळ परत डब्यात ओतले.

महादेवनं ते बघितलं. पूर्वी तो रोज विचारायचा, पोराचा फोन आलता काय. दुखण्यात तेही सुटलं होतं.

पण बायाक्का कुठली ऐकते. मंगलची सासू, ऐंशीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं शुक्रवारपासून ताट सरकवलं.

"माझं डोळं पुरतं जायच्या आत मला राजा बघायचाय. आनि लेकाचा हात धरूनच जानार."

"आत्ती, लई आवाज असतोय. तुमाला सोसायचं न्हाय."

"बाळंतपणं सोसली सात. राजाची तलवार सोसायची न्हाय व्हय गं?"

शनिवारी मंगलनं भावकूला पुन्हा गाठलं. गणपतीची शपथ घातली. भावकू कानात बोट फिरवत म्हणाला, "वहिनी, वरच्या गल्लीतली बघून आली, रडत आली, राजाचा जयजयकार करत आली. तुमचंच काय येगळं?"

तिला सांगता येईना. मंगळवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, एवढंच तिनं देवासमोर ठरवलं होतं.

रविवारी सकाळी ती महादेवला म्हणाली, "तुमी घरी बसा. आत्तींना मी नेते."

"तू बस. मी नेतो."

"तुमच्या छातीचं काय?"

"तुझ्या उपासाचं काय? भोवळ येऊन पडशील."

असं दोघं दारात भांडत राहिले आणि शेवटी दोघंही रिक्षात बसले. मंगलनं फक्त एक कबूल करून घेतलं. राजा पडला की लगेच उठायचं. जिन्यावर गर्दी होते, आत्तींना रेटारेटी सोसायची नाही.

"मी बी तेच म्हणनार हुतो," महादेव म्हणाला.

अडीच तास ती पडद्याकडं बघत नव्हती. महादेवच्या छातीकडं बघत होती. वर-खाली, वर-खाली. मुंडकी उडाली, घोडे कोसळले, पोरं शिट्ट्या मारत राहिली. एकही दचकलं नाही.

राजा पडला. नावं सुरू झाली. लोक उठले.

"चला आत्ती, लौकर."

"काठी पडली गं माझी."

काठी घरंगळत पुढच्या रांगेत गेली होती. भावकू वाकून शोधायला लागला आणि सगळी वाट अडली. नावं वर सरकत होती. मंगलला ठाऊक होतं. गुरुवारी असंच सगळे उठून गेले होते आणि ती एकटी वाकून चपला शोधत होती. आता पडदा काळा होणार होता.

झाला.

तिनं महादेवचे डोळे झाकायला हात उचलला. तो पोचायच्या आधीच त्याचा गार तळवा तिच्या डोळ्यांवर आला.

"बघू नगंस, मंगल," तो हळूच म्हणाला. "मी निपाणीत बघितलाय."

दोघंही तशीच उभी राहिली. त्याच्या पलीकडं बायाक्का आपल्या अधू डोळ्यांनी पडद्याकडं बघत होती. फोटोखालची अक्षरं तिला वाचता येत नव्हती.

"भावकू, आरं पोरांनो, थांबा की," तिचा आवाज रिकाम्या होत आलेल्या थेटरात घुमला. "ह्यो आमचा युवराज. केवढा मोठा मानूस झालाय माझा नातू, हार घातलाय बघा त्याला."