कुंकवाचं बोट

"लाल ठिपका दिसेल ती प्रत्येक डिस्क चुरून टाका," असं डिस्क चुरायचं यंत्र घेऊन खाली आलेल्या गाडीवाल्याला बजावून वृंदा वर लॅबमध्ये परतली. पेशंटचे रिपोर्ट भलत्याच्या हाती पडायला नकोत, म्हणून जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कांवर तिनंच ठिपके लावले होते. सगळे रिपोर्ट तिनं आधीच एका नव्या डिस्कवर उतरवून घेतले होते.

टेबलावर ती नवी डिस्क नव्हती.

"तीही नेली गाडीवाल्याच्या माणसांनी," झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "ठिपका होता ना तिच्यावर."

सकाळी खंडेनवमीच्या पूजेत वृंदानंच त्या डिस्कला कुंकवाचं बोट लावलं होतं.

ती धावत खाली पोचली, तेव्हा यंत्र थांबलं होतं. गाडीवाल्यानं हात झटकले.

"निर्धास्त राहा, मॅडम! आता ब्रह्मदेव आला, तरी यातलं एक अक्षर परत मिळायचं नाही."