कालपर्यंतची नमाज

"समोर कबर असताना नमाज होत नाही, चाचा," नवे मौलाना हळू आवाजात म्हणाले.

शरफूचाचा रोजच्यासारखी कबरीवरची हिरवी चादर झटकत होते. त्यांचा हात तसाच थांबला. खाडीकाठची ही दगडी मशीद गलबतावरच्या ज्या तांडेलाने बांधली, त्याचीच ही कबर. मशिदीच्या आत, पश्चिमेच्या भिंतीला लागून. गावाच्या सगळ्या पिढ्या तिच्यामागेच रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

"मग माझे वडील? सजद्यात कपाळ टेकलेलं असतानाच इथे त्यांचा जीव गेला."

"त्यांना ठाऊक नव्हतं. अजाणत्याला अल्ला माफ करतो."

चाचांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आणि माझ्या नमाजा?"

"कालपर्यंतच्या कबूल होतील, इन्शाअल्ला. तुम्हालाही कुठे ठाऊक होतं?"

बाहेर शाळेच्या पटांगणात लोक चटया अंथरत होते. आता नमाज तिथेच व्हायची होती. मौलानांनी आधाराला हात पुढे केला, अगदी पोटच्या मुलासारखा. तो धरून चाचा उंबऱ्यापर्यंत आले आणि अडले. मागे वळून त्यांनी कबरीजवळची ती एक फरशी पाहिली. आधी वडिलांचं आणि मग त्यांचं स्वतःचं कपाळ टेकून टेकून ती गुळगुळीत झाली होती.

पटांगणातून कुणीतरी हाक मारली. चाचांचा पाय उचलेना.

"मौलाना, तुम्ही भले आहात, इल्मवाले आहात," ते म्हणाले. "पण मला हे सांगितलंत कशाला?"