फक्त चेन

“ही सायकल म्हणायची की भंगार?” सायकलवाल्याने तुटलेली चेन बाईच्या पुढ्यात नाचवली. “तुटेपर्यंत काय झोपला होतात?”

“काय लागेल ते बदला,” बाई म्हणाली. “पण आज संध्याकाळी हवीच. नाहीतर घरी आकाशपाताळ एक होईल.”

सायकलवाला मुळातच खडूस. गिऱ्हाईक म्हणजे आपल्याला छळायला आलेला प्राणी, अशी त्याची पक्की समजूत. त्याने मागचं चाक फिरवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“पाच गिअरचा जमाना गेला बाई. आताची चेन यावर अरुंद पडते, जुनी रुंद शोधावी लागेल. वर मागचे दाते झिजलेत, पुढचेही झिजलेत. तिन्ही एकदम बदलायला हवं. नुसती नवी चेन टाकली तर घसरेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! सपाटीला कळणार नाही. चढावर उभं राहून जोर लावला की फटकन घसरणार आणि माणूस तोंडावर! बसस्टँडकडचा चढ आहे ना, तिथे तर हमखास.”

बाई जरा वेळ त्या दात्यांकडे बघत राहिली. “नक्की घसरेल?”

“मग मी काय गंमत करतोय?”

“तर मग फक्त चेन बदला. बाकी राहू दे.”

सायकलवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, मग मी इतका वेळ काय पुराण सांगत होतो? हातपाय मोडून घ्यायचेत का?”

“फक्त चेन.”

“उद्या माझ्या नावाने बोंबलत याल!”

“नाही येणार,” म्हणत ती निघून गेली.

मागे पंक्चर काढत बसलेली त्याची बायको म्हणाली, “अहो, ती म्हणते तेवढंच करा ना. तुमचं काय जातंय?”

“माझं नाव जातंय! चिकट मेली. स्वतःच्या जिवापेक्षा दातेरी चकत्या महाग झाल्या हिला!”

तरी तो माळ्यावर चढला. शिंकत, शिव्या घालत त्याने डबे उपसले आणि मागच्या चाकाला बसेल असं जुन्या आट्यांचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील शोधून काढलं. त्याला साजेशी रुंद चेन, पुढे मापाचं दातेरी चाक. सगळं पदरचं घालून बसवलं, आणि बाईला कळू नये म्हणून वरून काळं ग्रीस फासलं. रस्त्यावर एक चक्कर मारली, तर सायकल कशी सुळसुळ पळाली! मनातून स्वारी खूश झाली, पण तोंड तेवढंच आंबट ठेवलं.

संध्याकाळी बाईने विचारलं, “फक्त चेनच बदललीत ना?”

“फक्त चेनच. न्या आणि पडा!”

दोन-तीन दिवसांनी ती चालत आली. हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला. सायकलवाला ताडकन उठला.

“पडलात? शक्यच नाही! अहो, मी गुपचूप सगळंच बदललं होतं. ती चेन घसरणारच नाही!”

“नाही घसरली,” ती म्हणाली. “नवरा सायकलवरून माझ्या मागे एका दमात चढ चढला. बस सुटायच्या आत त्याने मला बसमधून खाली ओढलं.”