अंगठ्याला बांधलेली दोरी

निवतीच्या किल्ल्याला वळसा घालताना वारा अंगावर आला आणि शिडाची होडी एका कुशीवर कलली. सुकाणू लेकीच्या हाती देऊन बाबांनी नेहमीसारखी गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली होती. मासा लागला की अंगठाच सांगे.

"भियालंस काय गो?"

"नाय."

"माझां चेडू वाऱ्याक भियना नाय," ते लेकीचं कौतुक समुद्राला ऐकवल्यासारखे म्हणाले. तेवढ्यात अंगठ्याला हिसका बसला. सुरमई आत ओढून ते अंगठा चोळत हसत बसले. रात्री त्या सुरमईचं कालवण त्यांनी मागून मागून खाल्लं, आणि पहाटे ते उठलेच नाहीत.

पावसाळा सरल्यावर, होडी विकायच्या आधी, ती एकटीच निघाली. शीड फुगलं, होडी तशीच कलली. तिने सुकाणू काखेत दाबून दोरी स्वतःच्या अंगठ्याला बांधली. गाठ दोनदा सुटली. समोरची फळी रिकामी होती. तिथून आता कोणी विचारणार नव्हतं, म्हणून तिने आपणहून उत्तर दिलं.

"होय बाबा, भियालंय. दरवेळेक भियत होतंय. तू होतंस म्हणून येत होतंय."