चिमणीचा घास

"मान मागे टाका," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "अगदी तुम्ही सांगितलंत तश्शी."

सिस्टर हसत खुर्चीत बसली. हात वापरायचे नाहीत म्हणून ते मांड्यांखाली दाबून ठेवायचे होते. शाळांमधल्या नर्सेसचं प्रशिक्षण होतं. अपंग मुलांना कसं सांभाळायचं ते शिकायला सगळ्या जमल्या होत्या. ही मात्र शिकवायलाच आल्यासारखी आली होती. भरवण्याचा विषय निघाला तसा हिचा हात सगळ्यांत आधी वर. तिच्या शाळेत एक पोरगी होती. मान, हात, जीभ, काहीच धड ताब्यात नाही. सिस्टरनं तिचं नाव चिमणी ठेवलं होतं आणि सगळी शाळा तेच म्हणायची. भरवायची हिची पद्धत ठरलेली: कपाळावर हात ठेवायचा, मान मागे दाबायची, घास सरळ आत. मधली सुट्टी संपायच्या आत डबा साफ. मुख्याध्यापक तिला एक्सप्रेस म्हणायचे, हेही तिनं सांगून टाकलं. कौतुक फुकट मिळतं. त्याची किंमत दुसरंच कुणीतरी चुकवतं.

बाईंनी तिला चूक म्हटलं नाही. एका तरुण नर्सच्या हातात चमचा आणि कुस्करलेलं केळं दिलं.

कपाळावर तळवा आला. वरचं छत दिसलं. भरवणारीचा चेहरा दिसेना, चमचाही दिसेना. पहिला घास गेला. दुसरा आला तेव्हा पहिला घशातच होता. थांब म्हणायचं होतं, पण तोंड भरलेलं. तेवढ्यात तिसरा. सिस्टरनं कसाबसा घोट घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मागून कुणीतरी म्हणालं, एक्सप्रेस घसरली. हसल्या सगळ्या.

"गिळलंत की," बाई म्हणाल्या. "भूक होती?"

"श्वास घ्यायचा होता."



बाई पुढे सांगत राहिल्या. हनुवटी जरा खाली हवी. आपण मुलाच्या नजरेसमोर बसायचं. मान मागे गेली की थोडं अन्न श्वासनलिकेत उतरतं, मग खोकला, मग ताप. सिस्टरला पुढचं ऐकू येईना. चिमणीला सारखा खोकला असायचा. हिची छातीच नाजूक आहे, असं सिस्टर बेधडक सांगायची. घरी आई तिला मांडीवर घेऊन तासभर भरवायची, एक घास चिऊचा, एक काऊचा. लाड पुरे झाले, म्हणून सिस्टरनं त्या आईला झापलं होतं. हात धरून आपली पद्धत शिकवली होती.

संध्याकाळी तिनं त्या आईला फोन लावला. माझं चुकलं, मी चुकीचं शिकवलं, असं सरळ सांगितलं. पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"सिस्टर, सुरुवातीला ती फार रडायची," आई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, होईल सवय. झाली हो सवय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सिस्टरनं चाकाच्या खुर्चीपुढे बुटकं स्टूल ओढलं. पोरीच्या मानेमागे उशी लावली, हनुवटी जराशी खाली केली. कपाळाला हात लावला नाही. घंटा झाली तर होऊ दे. तिनं अर्धाच चमचा भरला, पोरीला दिसेल असा समोर धरला आणि थांबली.

पोरीनं चमचा पाहिला. सिस्टरला पाहिलं. मग डोळे गच्च मिटले, आपणहून मान मागे टाकली आणि घरट्यातल्या पिलासारखा होईल तेवढा आ वासला.

त्यावरूनच तर सिस्टरनं तिचं नाव चिमणी ठेवलं होतं.