अहो

अनसूयाबाईंनी तांब्याचं फुलपात्र ओट्यावर ठेवलं, सून आसपास नाही ना हे पाहिलं आणि पाण्याला म्हटलं, "अहो, तुम्ही बरे आहात."

हे एकवीस वेळा म्हणायचं होतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या शिबिरात मिळालेल्या कागदावर तसं छापलंच होतं: पाण्याला रुग्णाच्या नावाने हाक मारा, 'तू बरा आहेस, तू मला फार आवडतोस' असं प्रेमाने सांगा, मग ते पाणी रुग्णाला पाजा, पाणी शब्द धरून ठेवतं. आता शामसुंदररावांचं नाव त्यांनी एक्केचाळीस वर्षांत उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं, आणि नवऱ्याला अरेतुरे करायला तर जीभच रेटेना. म्हणून त्या पाण्यालाच अहो-जाहो करत होत्या. दुसऱ्या कुणी असं केल्याचं ऐकलं असतं, तर सगळ्यांत आधी त्याच हसल्या असत्या.

आज मात्र मोजणी सारखी चुकत होती. नववं झालं की दहावं? काल डायलिसिसच्या आधी शामसुंदररावांना काट्यावर उभं केलं, तर दोन दिवसांत साडेतीन किलो वाढलेले. ते सगळं अंगात साठलेलं पाणी. किडन्या बंद पडल्यापासून त्यांना दिवसाला पाऊण लिटरच पाणी होतं. सून मृण्मयी रोज सकाळी खुणा केलेली बाटली भरून द्यायची. डायलिसिसच्या सिस्टरने विचारलं, काका, चोरून पाणी पिता का? आणि उभ्या जन्मात खोटं न बोललेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, हो, राहवत नाही. नाशिक रोडला घरी पोचेपर्यंत मृण्मयी त्यांना बोलत होती. अनसूयाबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

आठवडाभर त्या रोज चार फुलपात्रं पाजत होत्या. हे पाणी नव्हेच, औषध आहे, ते बाटलीच्या हिशेबात धरायचं नसतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. कालपासून ती समजूत टिकेना. पाजावं तर छातीत पाणी होईल, असं डॉक्टर बजावतात. बंद करावं तर, आपल्या हातातला एवढा एकच उपाय, तोही सोडायचा? ओटा ते खिडकी, खिडकी ते ओटा अशा त्यांच्या चार फेऱ्या झाल्या. भीती वाटत होती आणि रागही येत होता, पण राग नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. शेवटी एकवीस पुरे न करताच त्या फुलपात्र घेऊन गॅलरीत गेल्या.

शामसुंदरराव सुजलेले पाय पाटावर ठेवून खुर्चीत बसले होते. त्यांनी फुलपात्रावर हात आडवा धरला.

"आज नको. दम लागतोय."

"घोटभर तर आहे. आणि साधं पाणी नाही हे."

"ठाऊक आहे. स्वयंपाकघराची खिडकी इथेच उघडते. पहिल्या दिवशी वाटलं, मलाच हाक मारतेयस. दोनदा ओ दिली मी."

अनसूयाबाईंचे कान तापले. एवढं माहीत होतं तर मुकाट्याने पीत का होतात, सिस्टरपुढे माझं नाव का नाही सांगितलंत, असं त्यांनी जवळजवळ भांडूनच विचारलं.

"पिऊन होईपर्यंत तू इथे बसायचीस," ते म्हणाले.

ते खरंच होतं. फुलपात्र रिकामं झालं की त्या उठायच्या. मग दिवसभर गोळी घेतली का, पाय बघू, एवढंच बोलणं. गोड म्हणून जे काही होतं, ते सगळं पाण्याच्या वाट्याला गेलं होतं.

"पाणी नको," शामसुंदरराव म्हणाले. "नुसतं बोल."

अनसूयाबाईंनी पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं, फुलपात्र कठड्यावर पालथं घातलं आणि त्यांच्या पायांशी पाटाच्या कडेला टेकल्या. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं आणि ती काही सुरू होत नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या. पुढचं काही येईना.

"ओ," शामसुंदरराव म्हणाले.