क ते घ

मी खिडक्यांना काचा बसवतो आणि होणारे सासरे घड्याळं दुरुस्त करतात. पहिल्या भेटीत बोलायला विषय हवा म्हणून मी आठवडाभर ग्रंथालयात खेपा घातल्या. विश्वकोशाचा ‘क ते घ’ हा खंड घरी नेता येत नाही, आणि एक चष्मेवाले काका तो रोज बळकावून बसलेले. शेवटी शनिवारी मी त्यांच्या हातातून तो जवळजवळ ओढूनच घेतला आणि घड्याळावरची नऊ पानं घोकली.

रविवारी मुलीच्या घराची बेल वाजवली, तर दार त्याच काकांनी उघडलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“या, बसा. काचेबद्दल आज अर्धंच बोलू. पुढचं वाचायच्या आत तुम्ही पुस्तक ओढलंत.”